उंबरठ्याजोगे पाते

माझ्या घरी आजवर कोणी अट घालून आलेले नाही. व्याही असोत, पाहुणे असोत की मत मागायला आलेला पुढारी असो, सोनपेठेत आमच्या दारी यायचे म्हणजे चपला ओट्याखाली काढायच्या आणि मी बसा म्हटल्यावर बसायचे, ही रीत सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून माझ्या सुनेने, मंजुषाने, परभणीहून फोनवर अट घातली तेव्हा मी फोन कानापासून दूर धरला आणि क्षणभर त्याच्याकडेच पाहत राहिले.

"आत्याबाई, रागावू नका," ती म्हणाली, "पण परवा गाडीतून उतरल्यावर मला कुणी उचलून आत न्यायचं न्हाई. खुर्ची मी चालवणार, घरात मी जाणार. ते जमत नसंल तर मी इथं दादाकडंच राहते. इथं लिफ्ट हाय, दारं सपाट हायेत."

ऊसतोडीच्या दिवसांत शाळेत शिकवून परतताना, उसाच्या ट्रॉलीला वाट देण्यासाठी तिने स्कूटी कडेला घेतली आणि ती घसरली. मणक्याला इजा झाली. शस्त्रक्रिया झाल्या, व्यायाम झाले, डॉक्टरांनी सांगितले ते सारे तिने निमूटपणे केले. पण कमरेखाली काही परतले नाही. आता ती चाकांच्या खुर्चीवर होती आणि शेवटचे काही आठवडे तिच्या भावाच्या घरी राहून घरी यायला निघाली होती.

"चार गडी उभे करते," मी म्हणाले. "राणीसारखी आणतील तुला."

"राणीला विचारून उचलतात, आत्याबाई. मला इतक्या महिन्यांत कुणी विचारलं न्हाई. ह्या खाटेवरून त्या खाटेवर, गाडीतून खुर्चीत. मी बोलत असते अन् मधीच उचलतात. तोंडातलं वाक्य बी पुरं होऊ देत न्हाईत. आपल्या घरात मी तशी येणार न्हाई."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी तिला गप्प केले असते. मी "बरं" म्हणून फोन ठेवला, आणि ओट्यावर येऊन आमच्या दाराकडे पाहिले.

घर सिमेंटचे आहे, माझ्या मालकांनी हयातीत बांधलेले, अजून एक तडा नाही. पण दाराची चौकट मात्र गोदाकाठच्या आमच्या मूळ गावातून आणलेली आहे. अस्सल सागवान, आणि तिच्या पायथ्याशी वीतभर उंचीचा उंबरठा. लग्न होऊन आले त्या दिवसापासून रोज सकाळी अंघोळ करून मी त्या उंबरठ्याला हळदीकुंकू लावत आले आहे. माझ्या आधी सासूबाई लावत. खुर्चीचे चाक त्याच्यावरून जाणे शक्य नव्हते.

माझा मुलगा, मंजुषाचा नवरा बालाजी, बँकेत आहे. हिशेबी माणूस. त्याने संध्याकाळी दोन तोडगे आणले. पहिला, उंबरठ्याच्या दोन्ही अंगांना लाकडी उतार बसवावेत. मी त्याला टेप घेऊन मोजायला लावले, तेव्हा आतला उतार समोरच्या भिंतीला जाऊन टेकतो आणि खुर्ची वळायला जागाच राहत नाही, हे त्याचे त्यालाच कळले.

"मग मागचं दार हाय की," तो म्हणाला. "तिथं उंबराच न्हाई. गोठ्यातून सरळ सैपाकघरात."

"गोठ्यातून?"

"तसं न्हाई, आई..."

"ह्या घराची सून शेणाच्या पाट्या येतात त्या दारानं आत येणार व्हय रे? नागसेनला फोन लाव. उद्या सकाळी उंबरा काढायचा."

देवघरातले देव विकायला काढले असे मी सांगितले असते तरी बालाजीचे तोंड इतके उतरले नसते.

नागसेन म्हणजे आमच्या पंडित मिस्त्रींचा मुलगा. आयटीआय केलेला, बसस्थानकापलीकडे स्वतःचे वर्कशॉप असलेला. ओट्यापुढचा सिमेंटचा उतार त्यानेच आठवडाभरापूर्वी करून दिला होता. काम चोख आणि तोंड त्याहून चोख. कामाबरोबर व्याख्यान फुकट मिळते. सकाळी तो एक लांबट यंत्र घेऊन आला. पुढे नळी, नळीच्या टोकाला करवतीचे अरुंद पाते. कळ दाबली की पाते पुढे-मागे इतक्या वेगाने धावते की डोळ्याला नुसती धूसर रेघ दिसते. रेसिप्रोकेटिंग सॉ असे त्याचे लांबलचक नाव; नागसेनची माणसे नुसते 'रेसिप्रो' म्हणतात.

"काकू, गोल चकतीचं कटर इथं चालत न्हाई," त्याने ओट्यावरूनच सांगायला सुरुवात केली. "चकती कोपऱ्यात पोचत न्हाई. आन् पुरी चौकट उपटायची तर भिंत फुटती. हे पातं चौकटीला चिकटून आत घुसतं. दोन टोकं कापायची, मधला तुकडा उचलायचा, खड्डा भरायचा. दुपारच्या जेवणाआधी मोकळं."

"कापायच्या आधी मला हाक मार," असे सांगून मी देवपूजेला बसले.

त्याने विचारले नाही असे नाही. त्याने बालाजीला विचारले, "लाकडात काही लोखंड हाय का?" बालाजी म्हणाला, "छे! शुद्ध सागवान हाय, एक सांधा न्हाई." आणि मला हाक मारायचे काम बालाजीने अंगावर घेऊन विसरून टाकले. मी घंटा वाजवत असताना बाहेरून करवतीचा घुमारा सुरू झाला, आणि लगेच दगडावर पत्रा घासावा तसा कर्कश आवाज आला. मग शांतता. मग पुन्हा घुमारा, आणि थोड्या वेळाने जळक्या भुशाचा वास देवघरापर्यंत आला.

मी बाहेर आले. उंबरठ्याच्या डाव्या टोकाला बोटभर चीर पडली होती आणि तिच्यातून धूर निघत होता. नागसेनच्या हातात दोन पाती होती. एकाचे मोठाले दात समोरून पार गळून गेले होते. दुसरे निळेकाळे पडले होते.

"काकू, हे लाकूड हाय का खाण हाय?" तो कपाळ पुसत म्हणाला. "लाकडाचं पातं घातलं, पहिल्याच फटक्याला दात साफ. म्हणलं आत लोखंड हाय, म्हणून लोखंडाचं बारीक दाताचं पातं घातलं, तर त्याच्या दातात भुसा गच्च बसला आन् ते जळायला लागलं."

"तुला कुणी सांगितलं आत लोखंड न्हाई म्हणून?"

नागसेनने बालाजीकडे पाहिले. बालाजीने उंबरठ्याकडे पाहिले.

त्याचा दोष नव्हता. त्या घरात जन्मला तरी त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमच्या घराची एक चाल आहे. नवी सून माप ओलांडून आत आली, आणि पुरुषमंडळी मांडवात पंगतीला गेली, की घरातली सर्वांत वडील बाई उंबरठ्याच्या टोकाला, चौकटीला अगदी लागून, एक खिळा ठोकते. वरवंट्याने. बारशाच्या दिवशी बाळाच्या नावाचाही एक. मधोमध ठोकत नाहीत, तिथे पाय पडतात. खिळा पूर्ण आत गेला की वरून लाख भरायची आणि हळद फासायची. दुसऱ्या दिवशी कोणाला मागमूस राहत नाही. ही बायकांची चाल. पुरुषांपासून ती लपवून ठेवलेली नाही. त्यांनी कधी विचारले नाही, आम्ही कधी सांगितले नाही. आणि नागसेनचे पाते नेमके त्याच जागी चालले होते.

मी सांगितले तेव्हा बालाजी उंबरठ्याजवळ उकिडवा बसला.

"माझा बी हाय?"

"हाय. वाकडा गेला होता. तुझ्या आजीनं दोनदा सरळ केला."

नागसेन हसला, पण लगेच गंभीर झाला. "किती असतील, काकू?"

"मोजायचे नसतात."

एवढ्यात शेजारच्या घरातून तानुबाई आली. माझी धाकटी जाऊ. करवतीचा आवाज तिने ऐकला होता आणि धावत यायचे तर तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती रागाने चालत आली होती.

"आक्का! खरं हाय का हे? उंबरा कापायला लागलाव तुमी?"

"दिसायलंय की."

"अन् लक्षुमी कुठून यायची मग घरात?"

"उद्या परभणीहून यायलीय. चाकावर."

 तानुबाई पायरीवर बसली आणि पदराने वारा घेऊ लागली. तिचे मंजुषावर प्रेम आहे. मंजुषाच्या हातचे पुरण तिला माझ्यापेक्षा बरे वाटते, आणि ते ती मला दर सणाला ऐकवते. पण तिलाही चालीरीतीचा धाक आहे, आणि तो मीच तिला लावला आहे. त्यामुळे तिच्यावर रागावायची मला सोय नव्हती.

"तिला दुसऱ्या कशानं आत घेता येत न्हाई का, आक्का?"

"येतं. उचलून. ती नको म्हणती."

"नको म्हणती म्हणजे? आपल्याला कुणी विचारलं होतं?"

"न्हाई विचारलं, तानु. तिला विचारायचं ठरवलंय मी."

तानुबाईने वारा घेणे थांबवले. मग खाली बघत म्हणाली, "तिचा खिळा लय कडक हाय बरं का. तवा लोहार गाव सोडून गेला होता. तुमी मला बाजारात धाडलं. दुकानदाराला म्हणलं, कधी वाकणार न्हाई असा दे. त्यानं भिंतीत ठोकतात तो दिला."

"काँक्रीटचा खिळा?" नागसेन ओरडलाच. "मावशी! त्यो पोलादी असतो, पाणी दिलेला! त्यानं तर चांगल्या चांगल्या पात्याचे दात जातेत!"

"मला काय माहीत! मजबूत माग म्हणल्या, मजबूत आणला. उरलेले अजून डब्यात हायेत."

"डबा आण," मी म्हणाले.

मग मी नागसेनला गोठ्यातून एक फळी काढायला लावली. जुन्या बैलगाडीच्या साट्याची, अजून लोखंडी खिळे अंगात असलेली. तिच्यात तानुबाईच्या डब्यातले दोन काँक्रीटचे खिळे ठोकून घेतले, फळी रिक्षात घातली, आणि नागसेन, त्याचे यंत्र व मी असे बन्सीधरच्या दुकानी निघालो. बालाजी म्हणाला, "आई, तू कशाला? मी जातो की." मी रिक्षात चढले. ज्याला आपल्या उंबरठ्यात काय आहे हे माहीत नाही, त्याने त्याच्यासाठी पाते निवडू नये.

आठवडी बाजाराचा दिवस होता. बन्सीधरच्या हार्डवेअरच्या दुकानापुढे मिरच्यांचे ढीग आणि टोपल्या मांडलेल्या होत्या. मला पाहून तो गल्ल्यावरून उठला.

"मोठ्या बाई! तुमी कामून तकलीफ घेतली? माणूस पाठवायचा."

"माणूस पाठवला की तुमी माणूस बघून माल देता. आज मी आलेय. ह्या यंत्राची पाती दाखवा."

त्याने प्रथम एक पाकीट पुढे केले. चकचकीत, दहा पात्यांचे. "हे लय जातंय, बाई. एक मोडलं की दुसरं घालायचं."

"मोडणार हे ठरवूनच विकता का?"

मिरच्या तोलणारी बाई खुदकन हसली. बन्सीधरने पाकीट निमूटपणे मागे घेतले आणि खालचा खण उघडला.

मी पाती एकेक करून हातात घेतली. यंत्राचे मला कळत नाही, पण धारेचे कळते. विळी, खुरपे, कोयता, अडकित्ता ही सगळी हत्यारे मी जन्मभर स्वतः पारखून घेतली आहेत. पातळ पाते बोटाने दाबले तर थरथरत राहिले. असले पाते लाकडात शिरल्यावर नागमोडी चालणार, हे सांगायला आयटीआय लागत नाही. नागसेनने मला दातांचे गणित समजावले.

"बारीक दात लोखंडाला, काकू, मोठे दात लाकडाला. पण आपल्याला दोन्ही एकदम कापायचंय. बारीक असले की भुसा अडकतो, ते आपण बघितलं. लय मोठे असले की खिळ्याला धडकून गळतेत, ते बी बघितलं. मधले पाहिजेत. आन् पातं जाड पाहिजे, रुंद पाहिजे. पाडकामाला वापरतात तसलं."

असली दोन पाती निघाली. एक दोन धातूंचे, म्हणजे पाठ लवचीक पोलादाची आणि दातांची कड कडक पोलादाची. दुसऱ्याच्या प्रत्येक दाताच्या टोकाला कार्बाइडचा करडा कण डकवलेला. बन्सीधरने पहिल्याची तारीफ केली.

"हे बगा, सगळे काँट्रॅक्टर हेच नेतात. वाकतं, पण मोडत न्हाई. ते कार्बाइड कडक असतं, जोर दिला की टवका उडतो."

"खोटं न्हाई बोलत तो," नागसेन म्हणाला. "पण टवका उडतो तो चालवणाऱ्याच्या हातानं. घाई केली तर."

"तुमचं दोघांचं ऐकलं," मी म्हणाले. "आता पात्यांचं ऐकू. फळी काढ. वायर कुठं लावायची, बन्सीधर?"

"इथं? दुकानात?"

"तुमच्याकडून पितळी घागर घेतली तवा वाजवून घेतली होती की न्हाई? हे बी तसंच."

बन्सीधरने मान हलवत वायर लावू दिली. फळी पायरीवर ठेवली आणि नागसेनने तिच्यावर गुडघा रोवला. बाजारातली माणसे पिशव्या हातात धरून थांबली. एका म्हाताऱ्याने विचारले, "काय विकायलेत?" कोणीतरी म्हणाले, "काही न्हाई, मोठ्या बाई बन्सीधरची परीक्षा घ्यायल्यात."

दोन धातूंचे पाते गाडीच्या जुन्या खिळ्यांतून सहज गेले. नांगराच्या तासातून बैल जावा तसे. बन्सीधरची मान ताठ झाली. मग काँक्रीटचा खिळा आला. पाते किंचाळले, जागीच घसरू लागले, नागसेनने थांबवून बाहेर काढले तेव्हा मधले दात झिजून सपाट झाले होते. नागसेनने ते बन्सीधरच्या हातात दिले. बन्सीधरने ते न बघताच खाली ठेवले.

दुसरे पाते बसवले. नागसेनने यंत्राचा पुढचा लोखंडी टेका फळीला घट्ट चिकटवला, म्हणजे पाते उसळत नाही. लाकडात वेग दिला, लोखंड लागले की कळ सैल केली. त्याचा हात तापलेल्या तव्यावरची भाकरी फिरवावी तसा संथ चालत होता. काँक्रीटचा खिळा आला तेव्हा आवाज घोगरा झाला, बारीक ठिणग्या उडाल्या, आणि बराच वेळ काहीच पुढे सरकत नाही असे वाटले. मग फळी दोन तुकडे होऊन पायरीवर पडली.

मी पाते मागून घेतले. ते गरम होते. पदराच्या टोकाने धरले. दातांवरून नख फिरवले. एकही जागा रिकामी नव्हती.

"हेच द्या."

"नवं काढून देतो," बन्सीधर म्हणाला, आणि खणातले सर्वांत लांब पाते उचलले. "हे घ्या, भरपूर लांब."

"एवढं नको," नागसेनने हात आडवा केला. "टोक खाली फरशीच्या सिमेंटच्या मसाल्यावर आदळंल, पातं मुरगळंल. उंबऱ्यातून पार होऊन चार बोटं उरलं, बस झालं. ह्याच लांबीचं."

"तर मग ह्या लांबीचं एक नवं द्या, आन् हे चालवलेलं बी मीच नेते," मी म्हणाले. "पहिल्यांदा हेच लावायचं. नव्याचं मला काय माहीत?"

घरी आलो तेव्हा ऊन माथ्यावर आले होते. तानुबाईने तोवर उंबरठा धुऊन ठेवला होता. मी हळदीकुंकू वाहिले, दोन फुले ठेवली, हात टेकवला. मनात काय म्हटले ते माझ्यापाशी राहू द्या. मग उठून नागसेनला म्हणाले, "चालव."

डाव्या बाजूचे खिळे बाळांच्या नावांचे, जुने, लोहाराच्या हातचे मऊ लोखंड. पाते त्यांच्यातून कुरकुरत पण न थांबता गेले. उजव्या बाजूला सुनांचे. तिथे माझाही होता आणि तानुबाईचाही. तानुबाई पदर नाकाला लावून उभी होती आणि प्रत्येक ठिणगीला "हा कुणाचा?" असे विचारत होती. मलाही नक्की सांगता आले नसते. शेवटी तो घोगरा आवाज आला, दुकानात आला होता तसाच. पाते अडले.

"हा मंजुषाबाईंचा," नागसेन म्हणाला. "माझ्या लेकीला, सुकेशनीला, आंघोळ न करता शाळेत आली म्हणून परत धाडलं होतं त्यांनी. तवाच वळखलं होतं मी, सहज वाकणाऱ्यातल्या न्हाईत."

"दाबू नको," मी म्हणाले.

"न्हाई दाबत, काकू."

त्याने दाबले नाही. हात थकला की थांबत होता, पाते थंड होऊ देत होता, पुन्हा लावत होता. बालाजी पाणी घेऊन बाजूला उभा होता. एकदा त्याने यंत्र मागितले, नागसेनने मान हलवली, आणि बालाजीने ते मनाला लावून घेतले नाही. मग एकदम आवाज मोकळा झाला आणि पाते खालच्या मातीला जाऊन टेकले. पहारीने मधला तुकडा उचलला तेव्हा त्याच्याखाली कितीतरी वर्षांची गार माती होती, थोडी हळदीची पिवळी. तानुबाईने ती ओंजळीत घेऊन तुळशीत नेऊन टाकली, मला न विचारता. पात्याचे दोन दात गेले होते. दुसरे लावायची वेळ आली नाही.

नागसेनने खड्डा लवकर आळणाऱ्या मसाल्याने भरला आणि पाणसळ लावून फरशीशी सपाट केला. "उद्या सकाळपर्यंत पाय देऊ नका कुणी," असे बजावून तो गेला. त्या दिवशी मीही गोठ्याच्या दाराने आत आले. तानुबाईने ते पाहिले आणि हसू दाबले.

"उद्यापासनं हळदीकुंकू कुठं लावायचं, आक्का?"

"चौकटीच्या दोन्ही अंगांना ठोकळे राहिलेत. तिथं लाव. दोन ठिकाणी वाकावं लागंल, तुझ्या गुडघ्याला व्यायाम."

दुसऱ्या दिवशी बालाजी गाडी घेऊन परभणीला गेला आणि दुपार उलटायच्या आत परतला. मी दारात ओवाळणीचे तबक घेऊन उभी होते, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या तयार होता. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. मंजुषा गाडीतून खुर्चीत आपल्या हाताने सरकली. तिचे खांदे पूर्वीपेक्षा भरले होते, चेहरा सुकला होता. बालाजीचे हात आपोआप खुर्चीच्या मुठींकडे गेले.

"बालाजी," मी म्हणाले, "हात मागं."

तिने चाके धरली. उतारावर एकदा थांबली, श्वास घेतला, पुन्हा ढकलले. ओट्यावर आली आणि दारात तिची नजर खाली गेली. नवा मसाला अजून गडद होता, ओल्या पाटीसारखा.

"उंबरा?" ती म्हणाली.

"काढला."

"तुमी?"

"नागसेननं. मी पातं आणलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले, ती आता रडेल, आणि मग मलाही सावरावे लागेल. पण तिने चाकांना हात लावला आणि मी तबक उचलेपर्यंत खुर्ची सरळ आत गेली. बैठकीतून सैपाकघरापर्यंत गेली, वळली, परत बैठकीत आली. चाकांचा फरशीवरचा आवाज मी उभ्या जागी ऐकत होते.

"अगं, ओवाळायचं राहिलं की!" तानुबाई म्हणाली.

मंजुषा पुन्हा दारात आली होती. तिचे डोळे गल्लीकडे लागले होते. कोपऱ्यावरचे किराणा दुकान, पलीकडचे कडुलिंबाचे झाड, रस्ता. मागच्या ऊसतोडीतल्या त्या अपघातापासून ती कुठे एकटी गेली नव्हती. तिला जायचे होते, आणि आल्याआल्या कशाला जायचे ते तिला सांगता येत नव्हते.

"चहापत्ती हाय ना घरात?" तिने विचारले.

"हाय."

"साखर?"

"साखर बी हाय." तिचा चेहरा पडायच्या आत मी म्हणाले, "हिंग संपलाय. जा, घेऊन ये. चांगला बघून आण, मागच्यासारखा मिळमिळीत नको."

"आणते, आत्याबाई."

खुर्ची दारातून बाहेर गेली. कुठेही अडली नाही. उतारावर तिने चाके हातांनी रोखून धरली आणि रस्त्याला लागली.

"आई, हिंगाचा डबा भरलेला हाय की," बालाजी म्हणाला. "परवाच आणलाय मी. अन् एकटी कशाला? मी जातो तिच्यासंगं."

"तुला कुणी विचारलं? बस खाली."

तो बसला. तानुबाई ओट्याच्या कडेला जाऊन मान उंच करून बघू लागली आणि मला सांगू लागली. आता झाडाशी हाय, आता दुकानाशी, आता भांडायलीय वाटतं दुकानदाराशी. गल्लीतून वारा येत होता. तबकातली वात हलायला लागली, तिला मी पदराचा आडोसा केला आणि दारातच उभी राहिले.